एक दोर, एक पोहरा

प्रिय अहो,

तुमचं नाव घेऊन हाक मारायची सवय कधी लागलीच नाही, म्हणून पत्रातही 'अहो'च. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. त्रास दिला नसता, पण काल आपल्या सोसायटीचे अध्यक्ष, नाना, पेढे घेऊन आले. नाना आणि पेढे! मी तिथंच सावध झाले.

सोसायटीच्या विहिरीवर दुकानांचे गाळे बांधायचे आहेत म्हणे. "बाई, उस्मानाबाद आता खेडं राहिलं नाही. विहीर तर कधीच मेली," असं म्हणाले. सगळ्या जुन्या सभासदांच्या सह्या हव्यात. त्यातली एक तुमची, म्हणजे आता माझी. रविवारच्या सभेत करायची आहे.

विहीर मेली होती, तर वर फरश्या टाकून झाकली कशाला? मुलं पडतील, असं नानांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही मान डोलावलीत. किती हो तुमचा लोकांवर विश्वास! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, दुसऱ्याचा संशय घेणं पाप आहे. तेवढं एक पाप माझ्या हातून नेमानं घडतं. तुम्ही मला फौजदारीण म्हणायचात, ते काही उगीच नाही.

आठवतं ना, बहात्तरच्या दुष्काळात खेडीच्या खेडी इथं खडी फोडायला आली. काम संपलं, पण माणसं परत गेली नाहीत. जाणार कुठं? आपण नोकरदारांनी सोसायटी काढली, त्यांनी शेजारच्या माळावर पत्रे ठोकले. शहर वाढलं ते असं, आणि पाणी दोन्हीकडं नव्हतं. मग सोसायटीनं आणि माळानं दर रविवारी मिळून विहीर खणली. तुमची अट एकच होती. कुणी घरून दोर आणायचा नाही. विहिरीवर एक दोर, एक पोहरा, सगळ्यांना तोच. सभेत केवढी कुजबुज झाली होती!

पहिल्या दिवशी माळावरची रमाबाई घागर घेऊन लांब उभी राहिली. तिच्या गावी, बेंबळीत, त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांना कुणी वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचं. तुम्ही दोर तिच्या हातात दिलात आणि म्हणालात, "ओढा. इथं कुणी ओतून देणार नाही." तिच्यामागचा नंबर माझा होता.

नानांचं पाणी मात्र शेतावरून बैलगाडीनं यायचं. त्यांच्या घरात आपल्या विहिरीचा थेंब जात नाही, हे मी तेव्हाच बोलले होते. तुम्ही म्हणालात, त्यांचं शेत आहे, तुला काय करायचंय. मला काय करायचंय!

मग तेरच्या धरणाचं पाणी आलं. घरोघरी नळ झाले, घरोघरी दारं लागली. माझे गुडघे त्या नळाचे आभारी आहेत, खोटं कशाला बोलू? पण विहिरीवरचा दोर कुजून गेला तरी कुणाला कळलं नाही. रमाबाईनं पत्र्यांच्या जागी पक्कं घर बांधलं, मागच्याच गल्लीत. तरी महिना महिना गाठ पडत नाही. नळ आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद नानांना का झाला? त्यांना तर विहिरीची गरज कधीच नव्हती. आता ती जागाच पुसायची घाई का? मला तर त्यात नुसती दुकानं दिसत नाहीत.

आज सकाळी रमाबाईला बोलावलं. फरश्यांच्या कडेला एक फट आहे. तिथून तिनं सुतळी बांधून तांब्या सोडला. सुतळी जातच राहिली, मग जड झाली. तांब्या भरून वर आला.

ती प्यायली आणि म्हणाली, "हिला मेली म्हणत्यात व्हय, बाई? लई गार हाय."

मीही प्यायले.

एक विचारायचंय. फरश्या टाकताना विहीर जिवंत आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं का? खरं सांगा. नाही, राहू द्या, सांगू नका.

सही मी करणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द. दोर नवा आणलाय, पोहरा आपल्याच माळ्यावर सापडला. रविवारी एक फरशी सरकवून रमाबाई पाणी ओढेल. त्यातला एक तांब्या मी भर सभेत नानांपुढं ठेवीन आणि म्हणेन, अध्यक्षसाहेब, मेलेल्या विहिरीचं पाणी आहे, रमाबाईंनी ओढलंय. आधी प्या, मग गाळ्यांचं बोलू.

तुमची,
फौजदारीण