फाईलमध्ये न उतरलेला पाऊस

प्रिय तेजू,

फोनवर हे तीनदा सांगायला घेतलं आणि तीनदा तुझ्या ड्युटीची चौकशी करून फोन ठेवून दिला. म्हणून पत्र. हसू नकोस, पोशीरहून पनवेलला पत्र पाठवणारी मीच शेवटची असेन.

तुमच्या वाडीवरच्या डोंगरात आमच्या ऑफिसने बसवलेलं पाऊस मोजायचं यंत्र तुला माहीतच आहे. दरड कोसळण्याचा धोका पावसाळ्याअखेर त्याच्या आकड्यांवरून ठरवायचा होता. तुझे बाबा, आपले शुक्राकाका, रोज सकाळी वर चढून त्याच्या तोंडातला पाला काढायचे आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खांबाच्या बुडाशी चुलीतली राख टाकायचे. मे महिन्यात मीही त्यांच्याबरोबर गेले होते. मी धापा टाकतेय आणि ते करवंदं खात पुढे!

पावसाळा संपल्यावर संगणकावर यंत्राच्या आकड्यांची फाईल उघडली, तर चार महिने एकच आकडा. कशेळ्याच्या बैठकीत आमचे साहेब म्हणाले, राख उडून तोंड बुजलं. काका एवढंच म्हणाले, “राख मी बुडाला टाकली सायेब, तोंडाला नाय.” कोणी ऐकलं नाही. त्यांचं काम काढून घेतलं. त्या दिवशी तू मला म्हणालीस, सुरभी, तू तरी शोध गं. मी शोधलं.

यंत्राचे आकडे फाईलमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. त्यात आकडा लिहिताना तो मेमरीत कुठे ठेवलाय, तो पत्ता द्यायचा असतो. त्या पत्त्यावरून संगणक आकडा उचलतो. माझ्या हातात आधीच पत्ता होता. मी सवयीने त्याच्यापुढे पत्त्याचं चिन्ह पुन्हा लावलं, म्हणजे पत्त्याचाच पत्ता दिला. मग फाईलमध्ये आकड्याऐवजी नुसता पत्ताच उतरत राहिला. काकांच्या घरून मध आणायला पाठवलेल्या माणसाने घर नंबर लिहून परत यावं, तसं. ती जागा बदलत नाही, म्हणून दर वेळी तेच. तो पाऊस आता परत मिळणार नाही. यंत्र ठणठणीत आहे, आणि राखेचा काही संबंध नाही.

हे कळून तीन आठवडे झाले, तेजू. पहिली नोकरी, ती गावभर मिरवणारे आमचे आबा, या भीतीने मी तोंड शिवून बसले. मला माझीच लाज वाटते.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं. सोमवारी अकराला कशेळ्यात त्याच माणसांसमोर मी ते वाचणार आहे. नोकरी जाईल कदाचित, जाऊ दे. तू काकांना घेऊन ये. गेल्या खेपेला त्यांना दाराशी उभं ठेवलं होतं. या वेळी ते पहिल्या रांगेत बसतील आणि उभी मी राहीन.

तू बोलशील न बोलशील, तरी तुझीच,
सुरभी