स्पृहा बोलेनाशी झाली

विजय नगर, इंदूर
८ ऑगस्ट

ती. सुमनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि आज मला ओरडायचं नाही, म्हणून लिहितेय. आत्या, माझं डोकं नुसतं भणभणतंय.

आमच्या शाळेने यंदा पहिलीच्या प्रत्येक मुलाला टॅबलेट दिला. मुलाने हेडफोन लावायचा आणि समोर आलेला इंग्रजी शब्द मोठ्याने वाचायचा. बरोबर आला की हिरवा हसरा चेहरा, चुकला की लाल रडका. कंपनीचे यतीनजी समजावून गेले की बक्षीस मिळत गेलं की मूल आपोआप शिकतं, हा शिक्षणशास्त्राचा पक्का सिद्धांत आहे. शिक्षकाने मध्ये पडायचं नाही.

माझ्या वर्गात स्पृहा आहे. इतकी बडबडी होती की मीच तिला गप्प करायची. इथल्या पोरांसारखी ती ‘इस्कूल’ म्हणते. मशीनला ते कळत नाही. रोज लाल, रोज लाल. हळूहळू ती टॅबलेटसमोर तोंड उघडेना, मग वर्गात, मग माझ्याशीही. सोमवारी तिला बाथरूमला जायचं होतं, पण तिने विचारलंच नाही. बसल्या जागी फ्रॉक ओला झाला आणि ती भिंतीकडे बघत राहिली.

यावर आमचे डायरेक्टर अरविंदजी म्हणाले की ऐसे बच्चे तर ॲपने आधीच निवडून दिलेत, पुढच्या महिन्यापासून त्यांचा वेगळा वर्ग करू. मी सगळे टॅबलेट कपाटात कोंडले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. होऊ दे काय व्हायचं ते.

माया असू दे, आणि शांत हो म्हणून मात्र लिहू नकोस.

तुझी,
सुरुची


सिमरोल
१२ ऑगस्ट

चि. सुरुचीस,
अनेक आशीर्वाद.

शांत हो म्हणणार नाही. तुझं पत्र वाचता वाचता माझी भाजी करपली. तुझ्या अश्विनदादाने ती मुकाट्याने खाल्ली, कारण मी तुमच्या डायरेक्टरांना मोठमोठ्याने बोल लावत होते.

जन्मभर मी बी.एड.च्या मुलींना शिकवलं. बक्षिसाने मूल शिकतं हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. सहा वर्षांचं मूल वस्तू हाताळून शिकतं, शेजारच्याशी भांडून शिकतं. आज एकट्याला जे जमत नाही ते कुणी हात दिला की जमतं, आणि उद्या मग एकट्यालाही येतं. या मशीनने हात दिलाच नाही, नुसता निकाल दिला. त्या निकालावर पोरीला वेगळं बसवायचं म्हणजे हद्द झाली!

पण राग मला तुझाही आलाय. किल्ली पर्समध्ये टाकून काय मिळवलंस? त्या टॅबलेटने वर्गात एकाही मुलाचं भलं झालं नव्हतं? नीट आठव. एकेकट्याला हेडफोन लावून बसवायचं हे माणसांनी ठरवलंय. त्या माणसांशी भांड.

रागात जेवण सोडायची तुझी खोड मला ठाऊक आहे. जेवत जा.

आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या


विजय नगर, इंदूर
७ सप्टेंबर

ती. सुमनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावरच फुगून बसले होते. मग नचिकेत आठवला. त्याची नजर फार कमजोर. टॅबलेटवर अक्षरं मोठी करून तो भराभर वाचायचा, आणि मी कुलूप लावल्यापासून पुस्तक नाकाला टेकवून बसत होता.

टॅबलेट बाहेर काढले, हेडफोन आतच ठेवले. ते चेहऱ्यांचं ॲप उघडायचं नाही, आणि दोघांत मिळून एक टॅबलेट. अंगणात जाऊन हवा तो फोटो काढायचा, त्यावर बोलून आवाज भरायचा आणि त्यातले शब्द लिहायचे. स्पृहाला नचिकेतची जोडी दिली. मुंग्या कुठे चालल्यात हे तिने त्याला खुणेने दाखवलं. त्याला खूण दिसेना. शेवटी वैतागून म्हणाला की अरे यार, बोल ना! आणि आत्या, ती बोलली.

अरविंदजी भयंकर चिडले. शनिवारी पालकांच्या मीटिंगमध्ये त्यांनी वेगळ्या वर्गाची घोषणा केलीच. तेव्हा स्पृहाची आई शमिका, बँकेत ऑफिसर आहे, पुढे आली आणि तिने स्वतः टॅबलेटवर शब्द वाचले. तीही ‘इस्कूल’च म्हणते, लाल चेहरा आला. तिने विचारलं की तो मैं भी कल से अलग बैठूं क्या? यतीनजी घाईने म्हणाले की सेटिंगचा प्रॉब्लेम आहे, दुरुस्त होईल. शमिकाने टॅबलेट त्यांच्या हातात ठेवला. म्हणाली की सेटिंग दुरुस्त होईल हो, माझी मुलगी घरातसुद्धा बोलेनाशी झाली होती, त्याचं काय? मग बाकीचे पालकही उठले.

वेगळा वर्ग रद्द झाला, ॲपही बंद. स्पृहाची माफी मात्र कुणी मागितली नाही. उलट दसऱ्यानंतर माझ्याकडून पहिली काढून मला पाचवी देणार आहेत, आणि अरविंदजी हसून त्याला प्रमोशन म्हणतात! मी तोंडावर सांगितलं की ही शिक्षा आहे, आणि तसं लेखी द्या. अजून दिलेलं नाही. रोज मागतेय.

पुढे माझा वर्ग घेणारी पूर्वा काल मागे येऊन बसली होती. तेवढ्यात टॅबलेट कुणी धरायचा यावरून स्पृहा आणि नचिकेतचं कडाक्याचं भांडण जुंपलं. स्पृहा तर बाकावर उभी राहून ओरडत होती. पूर्वाने घाबरून विचारलं की त्यांना गप्प करू का. मी पूर्वाचाच हात धरून तिला खाली बसवलं.

तुझा लोभ आहे म्हणून भांडायला बळ आहे.

तुझी,
सुरुची