उखाण्यातलं नाव

इंद्रजीत,

आता तुला 'अहो' म्हणायचं कारण उरलं न्हाई. हे पत्र धाडणार न्हाई, पर लिहिल्याबिगर राहवंना.

काल दौंडला सायलीच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, हळदीत बायका उखाण्यासाठी माझ्याच मागं लागल्या. मी सुरू केलं, "शिरूरचं सासर सुटलं, सुटली न्हाई रीत..."

यमक तुझंच नाव मागत होतं. आईनं मान खाली घातली.

मी पुरं केलं, "दौंडात पार्लर टाकलंय, मालकीण हाय पूनम!"

भामाआत्या म्हणाली, "यमक बसलं न्हाई की गं, पोरी."

"यमकासाठी त्याला परत आणू व्हय, आत्या?"

सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. मग आईनं तोच उखाणा परत घ्यायला लावला, आन् शेवटचं 'पूनम' तिनंच मोठ्यानं म्हणलं.

तुझी कुणी नसलेली,
पूनम