ज्या दिवशी ऐकेल त्या दिवशी

ता. २८ जुलै, सोमवार

चि. चिमण्यास,

अनेक आशीर्वाद आणि सप्रेम सलाम. वि. वि.

पन्नाशी गाठलेल्या, नव्वद किलोच्या घड्याळजीला मी अजून चिमणा म्हणते म्हणून तुझी बायको हसते. हसू दे. हे पत्र मात्र दुकानात गिऱ्हाइकांसमोर फोडू नकोस. घरी जा, हातपाय धू आणि मग वाच.

गेल्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात पडले. ओट्याची कड भुवईला लागली, दोन टाके पडले. सुनेने उचललं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंत? मी म्हटलं, काही नाही, पाणीसुद्धा नाही, आज गुरुवार. त्यावर ते म्हणाले, आजी, असाच आणखी एखादा गुरुवार केलात तर तो शेवटचा ठरेल. सून तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

माझा गुरुवार तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पोटाला आराम म्हणून, असंच मी सांगत आले. तुझे भाऊजी नऊ वर्षांपूर्वी गेले तेही हेच समजून. पण तो आराम नाही, नवस आहे. तू सात वर्षांचा होतास, मेंदूज्वराने फणफणला होतास, डॉक्टरांनी हात टेकले होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात नळापाशी उभी राहून मी देवाला म्हटलं, माझा भाऊ उठू दे, मी जिवंत असेपर्यंत दर गुरुवारी उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही. मी सतराची होते, मॅट्रिकची परीक्षा महिन्यावर होती. पुढच्याच गुरुवारी तू डोळे उघडून पाणी मागितलंस.

आता मी दमले रे. देवाला कंटाळले नाही, गुरुवाराला. बुधवारी दुपारपासूनच हात गार पडायला लागतात.

चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, आपण नियमशास्त्राखाली नाही, कृपेखाली आहोत, खुशाल जेवा, मी उत्तर देईन. पण शब्द मी देवाला दिलाय, पाळकसाहेबांना नाही. आमच्या शनिवारच्या वर्गाचं तुला लिहिलं होतं. गणिताच्या निवृत्त बाई मोशेची पाच पुस्तकं शिकवतात, यहुदी लोक वाचतात तशी, दर आठवड्याला नेमलेला भाग. त्यांचं म्हणणं, प्रभू लहानपणी सभास्थानात बसून जे ऐकत होता ते न वाचता त्याला ओळखायला निघालो म्हणजे घराच्या ओसरीवर राहून घर पाहिलं म्हणण्यासारखं. मी त्या वर्गात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर उतरून घेते.

परवाच्या भागात माझंच प्रकरण निघालं. चौथ्या पुस्तकाचा तिसावा अध्याय. मुलगी बापाच्या घरी असताना नवस बोलली आणि बापाने ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी मना केलं, तर नवस सुटतो, देव तिला क्षमा करतो. बाप ऐकून गप्प राहिला तर नवस कायम. मी बाईंना विचारलं, आणि बापाने ऐकलंच नसेल तर? त्या म्हणाल्या, तर त्याचा दिवस अजून उगवायचाय.

आपल्या बापाचं सांगायचं तर, दादा त्या वेळी चार हातांवर बाकावर बसले होते. पण छापखान्याच्या मशीनने त्यांचे कान तेव्हाच खाल्ले होते. त्यांनी ऐकलं होतं का? एवढं विचार. मला थेट लिहायला धीर होत नाही. पाटीवर नीट मोठ्या अक्षरात लिही. ऐकलं नसेल तर पाटी वाचतील तोच त्यांचा दिवस. त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, नको म्हणू देत. दुसऱ्या दिवशी म्हटलेलं चालत नाही.

दादांच्या पायांचं तेल संपलं असेल तर कळव. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,

चिमण्याचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दुकान दोन दिवस बंद ठेवलं. बायकोने विचारलं, काय झालं; मला सांगता येईना. ताई, तू माझ्या नावाने त्रेचाळीस वर्षं उपाशी राहिलीस? आणि मी दर सुट्टीत तुझ्याकडे येऊन गुरुवारीसुद्धा तुझ्यासमोर दोनदा वाढून घेत होतो? तुला एकदाही माझ्या डोक्यात पळी घालावीशी वाटली नाही? देव तुला काय विचारायचं ते विचारो, मला मात्र आरशात बघायची लाज वाटते. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं.

असो. काम झालंय. मी दादांना पाटीवर सगळं लिहून दाखवलं. ते खिडकीशी खुर्चीत बसून त्यांच्या निळ्या कपातून चहा पीत होते. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि ते घड्याळ माझ्या हातचं आहे, एक मिनिट इकडेतिकडे नाही. दादांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. म्हणाले, मला त्या दिवशी अक्षरही ऐकू आलं नव्हतं. माझी परवानगी नाही. पोरीला म्हणावं जेव. सूर्य चांगला वर होता. पुरे? आता तुझ्या बाईंनाही सांग की त्यांचं उदाहरण सुटलं.

येत्या गुरुवारी दुपारी बाराला तू पोटभर जेवायचंस. नाही जेवलीस तर मी तिथे येऊन तुझ्या दारात बसेन, आणि मी बसलो की तुझ्या दाराची पायरी खचेल, हे लक्षात ठेव.

तुझ्या मायेवर वाढलेला,
चिमणा

ता. ८ ऑगस्ट

चि. चिमण्यास,

आशीर्वाद. वि. वि.

काल जेवले. सुनेने स्वतः वाढलं, आणि वाढताना वळून डोळे पुसले. चार घास गेले, पाचवा घशात बसला. पाणी पिऊनही उतरेना. ताट बाजूला सारून उठले.

तू लहानपणापासून खरं बोलतोस तेव्हा एका वाक्यात बोलतोस. शाळेला दांडी मारायचास तेव्हा मास्तरांच्या कोटाचा रंगसुद्धा सांगायचास. तुझ्या पत्रात खिडकी आहे, घड्याळ आहे, चष्मा पुसणं आहे. आणि निळा कप आहे. तो कप मागच्या खेपेला माझ्याच हातून मोरीत फुटला, चिमण्या. दांडा मीच उचलून कचऱ्यात टाकला. तू तेव्हा दुकानात होतास.

मी रागावलेले नाही. तू कशासाठी केलंस ते मला कळतं. पण हे माझ्या पोटाचं प्रकरण असतं तर मीच कधी निकालात काढलं असतं. देवाशी बोलताना आपण दोघांनी मिळून फसवाफसवी करायची, हे मला या वयात झेपणार नाही. दादांच्या हातच्या दोन ओळी पाठव. ऐकलं किंवा नाही ऐकलं. जे असेल ते. त्या येईपर्यंत माझा गुरुवार चालू. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, ती बुधवारी सूर्य मावळल्यावर घेते, म्हणून फार काळजी करू नकोस. थोडी कर.

पायरीची काळजी आहे, म्हणून तू येऊ नकोस.

तुझी दमलेली,
ताई

ता. १३ ऑगस्ट

चि. मोठीस,

दादांचे अनेक आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो. वि. वि.

अक्षर हलतं, भिंग घेऊन लिहितो आहे, तेव्हा सावकाश वाच. तुझं पत्र आलं तेव्हा चिमणा दुकानात होता. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी फोडलं. मग त्याच्या कपाटातून आधीचं पत्रही काढून वाचलं. त्याने मला पाटी दाखवलीच नव्हती. संध्याकाळी विचारलं तर पन्नास वर्षांचा बाप्या माझ्या पायांशी बसून रडला. त्याला बोलू नकोस. घाबरून खोटं बोलला, तुझ्या घासासाठी.

आता खरं. मी ऐकलं नाही. पाहिलं. मशीनच्या खोलीत आवाज इतका की आम्ही माणसं एकतीस वर्षं एकमेकांचे ओठ वाचून बोललो. तुला हे माहीत नव्हतं, कारण घरी मी त्याचा उपयोग करत नसे. तुझ्या आईला नको असलेलं मला कळलं की ती चिडायची. तू नळाशी उभी होतीस, तोंड माझ्याकडे, डोळे मिटलेले. मला अक्षर न् अक्षर कळलं. गुरुवार कळला. जिवंत असेपर्यंत हेही कळलं.

मला तेव्हाच उठून तुला गदागदा हलवायला हवं होतं. सतरा वर्षांची पोर, देवासमोर स्वतःचं ताट ठेवते आहे, आणि बाप बघतो आहे. पण आत पोरगा जळत होता. मी मनात म्हटलं, हिच्या शब्दाने तो वाचणार असेल तर वाचू दे. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तो वाचला, आणि ते मोडायची मला भीती वाटली. दर गुरुवारी तू भांडी घासायला बसायचीस तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहायचो. तुझ्या लग्नात मला वाटलं, आता हे माझ्या डोळ्यांसमोरून जाईल. गेलंही.

तो अध्याय मी तीनदा वाचला. बाप ऐकून गप्प राहिला तर नवस कायम. म्हणजे तुझा नवस कायम होता, तू पाळलास ते बरोबर पाळलास, एकही गुरुवार वाया गेला नाही. पण चिमण्याच्या पत्रात तू शेवटचं लिहिलं नाहीस. मुद्दाम गाळलंस, की बाईंनी तिथवर नेलं नाही, मला ठाऊक नाही. तिथे लिहिलंय की ऐकून गप्प राहिला आणि नंतर मोडला, तर तिचा दोष त्याने वाहायचा. ते नवऱ्याबद्दल आहे, हे मलाही दिसतं. पण नवऱ्याच्या गप्प बसण्यापेक्षा बापाचं गप्प बसणं हलकं असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून मी, शुद्धीत असताना, आज तुझा नवस मोडतो. त्रेचाळीस वर्षं उशिरा मोडतो, हे जाणून मोडतो. येत्या गुरुवारपासून तू बाराला जेवायचंस. यात जो दोष असेल तो माझ्याकडे. मी अठ्ठ्याऐंशीचा आहे. देवासमोर उभं राहायला फार दिवस नाहीत, तेव्हा तिथे मी स्वतः बोलेन. त्या दिवशी बोललो नाही, आता बोलेन.

यावर वाद घालू नकोस. तेल आहे अजून.

तुझा,
दादा

ता. २२ ऑगस्ट

ती. दादांस,

मोठीचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र शनिवारी पोचलं, वर्गाला निघताना. गाळलं मीच होतं. बाईंनी तिथवर नेलं होतं, मी ती ओळ उतरूनही घेतली होती, आणि चिमण्याला लिहिताना ओलांडून गेले. तुम्ही ती शोधून काढाल असं वाटलं नव्हतं.

वर्गात बाईंना पत्र दाखवलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी पुढचा भाग घेतलाच नाही. रविवारी पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाले की कृपा म्हणजे काय हे मी तीस वर्षं या लोकांना सांगतोय, तुमच्या वडिलांनी एका पानात उरकलं.

मी तुम्हाला लिहायला बसले होते की मी तुम्हाला हे वाहू देणार नाही. दोन पानं लिहिली आणि फाडली. पाठपोट लिहिलेली पानं फाडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

काल गुरुवार. बाराला ताट घेतलं. सगळं संपवलं. दादा, खोटं लिहीत नाही, पहिल्या घासापासून मला तुमचा राग आला. तुम्ही पाहिलंत, आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी सतराची होते. प्रत्येक घासाला राग आला, आणि तरी घास उतरत होता. ताट रिकामं झालं तेव्हा डोळे मिटायला लागले होते. भांडी तशीच टाकून आडवी झाले आणि साडेतीनपर्यंत झोपले. सून कामावरून लवकर आली, पण तिने उठवलं नाही, भांडीही घासून ठेवली.

आज सकाळपासून चिडायचा प्रयत्न करते आहे, पण पोट भरलेलं असलं की ते नीट जमत नाही. पुढच्या महिन्यात चार दिवस येते. समोर बसून, तुमच्या डोळ्यांत बघून रागावणार आहे. तोवर जपा, खोकल्याचं औषध चुकवू नका, देवाकडे एवढ्यात जायची घाई करू नका. त्याच्याशी बोलायच्या आधी तुम्हाला माझ्याशी बोलायचंय.

तुमची,
मोठी