दोन पोळ्यांवर उठलेले पाहुणे

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही ट्रंकेत ठेवलंय, म्हणून हे पत्र.

तुमची नात संस्कृती तिसरीत गेली, पण शाब्दिक गणितात पार ढेपाळली. परीक्षेत होतं: आईने बारा पुरणपोळ्या केल्या, चार पाहुण्यांनी प्रत्येकी दोन खाल्ल्या, किती उरल्या? हिनं लिहिलं, एकही नाही, आजीने आग्रह केला. बाईंनी मला बोलावून घेतलं. मान खाली घालून ऐकावं लागलं.

आता क्रांती चौकातल्या क्लासला घातलंय. तिथले सर गोष्ट वाचूच देत नाहीत. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, काहीच दिसलं नाही तर बेरीज करून मोकळं व्हायचं. क्लासच्या चाचणीत पास झाली तरच दिवाळीला गावी पाठवीन. आईला सांगा, रागावू नये.

आपला,
विश्वजीत

पिंपळखेडा
१९ सप्टेंबर

चि. विश्वजीत यास आप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणती, पोरीचं उत्तर बराबर हाय, गणितच चुकलं. दोन पोळ्यांवर उठणारा पाहुणा आपल्या दारात कधी आला नाय, आणि आला असता तर तिनं त्याला उठू दिलं नसतं. चार माणसांना बाराच पोळ्या करणारी ही बाई कोण, तेबी विचारायला सांगितलंय.

लेकरानं वाचलं, समजून घेतलं, हाच तिचा गुन्हा व्हय? तूबी लहानपणी न वाचताच पेपर लिहायचास. तवा त्याचे क्लास नव्हते, म्हणून मार खाल्लास.

चेष्टा राहू दे. दिवाळीला संस्कृती नाय आली तर घर खायला उठतं. तुझी आई आत्तापासून तिची वाट बघती. हुज्जत नको, पाठव.

तुझा,
आप्पा

पुंडलिकनगर
१० ऑक्टोबर

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि. आनंदाची बातमी. संस्कृती चाचणीत पहिली आली. सर म्हणाले, तिला आता गोष्ट दिसतच नाही, नुसते आकडे दिसतात. सगळ्या गल्लीत पेढे वाटले. तुमचा वाटा तिच्याबरोबर देतोय.

शब्दाप्रमाणे पाठवतोय. भाऊबीज झाली की न्यायला येईन, लगेच पुढची बॅच आहे. तोवर रोज एखादं गणित घालत जा. उत्तर किती चटकन येतं ते बघाच.

आपला,
विश्वजीत

पिंपळखेडा
१९ ऑक्टोबर

तीर्थरूप विश्वजीतबाबांस,
बालक आप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मायना बघून दचकू नका. तुमच्या सांगण्याप्रमाणं गणित घातलं: गोठ्यात चार म्हशी, तीन वासरं, तर आप्पांचं वय किती? संस्कृतीनं पापणी लवायच्या आत सांगितलं, सात. तवापासून तुम्ही माझे वडील. ती आठ वर्षांची, म्हणून तिला मी ताई म्हणतो.

जेवताना ताईच्या आजीनं, आवडाबाईनं, तिसरी करंजी वाढली, तर ताई म्हणाली, प्रत्येकी दोनच. आवडाबाई तिच्यापुढं हसली, अन् आत जाऊन रडली. मलाबी लई वाईट वाटलं.

काल मात्र ताई माझ्या तोंडाकडं बघत बसली. मग विचारलं, सात वर्षांच्या पोराचे दात कुठं गेले. मी सांगितलं, दुधाचे होते, पडले. तिला पटलं नाय. मिशा पांढऱ्या कशा, एक म्हैस विकली तर आप्पा सहाचे होणार का, असं दिवसभर डोकं खाल्लं तिनं माझं. त्या भरात करंज्या किती खाल्ल्या, ते तिनंबी मोजलं नाय.

तर बाबा, माझा एवढाच हट्ट. ताईचं डोकं आत्ता कुठं चालायला लागलंय. तिला लगेच क्लासला नेऊ नका, सुट्टीभर राहू द्या. मला खेळायला दुसरं कुणी नाय.

धाकट्यावर माया ठेवावी.

आपला आज्ञाधारक पुत्र,
आप्पा (वय ७)