मैदानाची माती कपाळाला

ऑस्ट्रेलिया,
१२ जून १९७६

तीर्थरूप आबांस, गुंडाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी हितं सुखरूप हाय. लोकरीच्या गिरणीतलं काम बरं चाललंय. थंडी लई हाय, पण आईनं दिलेलं घोंगडं पुरतं.

गिरणीतल्या लोकांचा फुटबॉलचा क्लब हाय. चेंडू नारळावानी लांबट, आन् हातात घिऊन पळत्यात! ह्याला फुटबॉल म्हणायचं कसं? क्लबाला पंच्याहत्तर वर्षं झाली, म्हणून म्हातारे सेक्रेटरी त्याचा इतिहास लिवत्यात. त्यांच्या बापानं मेंढरांच्या कुरणातले दगड वेचून मैदान केलं. लढाईवर गेलेली अकरा पोरं माघारी आली न्हाईत. त्यांचे सदरे अजून कपाटात घडी घालून ठेवल्यात.

रविवारी सेक्रेटरींनी मला मैदान दाखवलं. तालमीत उतरताना करतो तसं मी सवयीनं बूट बाहेर काढले, वाकून माती कपाळाला लावली. मग माझी मलाच लाज वाटली. ही तुमच्या तालमीतली रीत हाय, असं मी सांगितलं, पण म्हातारबा हसले न्हाईत. "तुझ्या बापाचा क्लब किती जुना?" त्यांनी विचारलं. आपल्या वळसंगच्या तालमीचं मला सांगताच येईना.

आबा, हितल्या मातीला आपल्या हौद्यातल्या मातीवानी ताकाचा, हळदीचा वास न्हाय.

कुस्तीच्या हौद्यातली माती आता कोण उकरतं? तुमचा गुडघा कसा हाय? मागच्या पत्रातलं अक्षर तुमचं नव्हतं.

आपला हौदा पहिल्यांदा कुणी खणला, तेवढं कळवा. अक्षर वाकडं आलं तरी चालंल, पण तुमच्याच हातानं लिवा.

तुमचा,
गुंडा