एक पान लावेपर्यंत

जानेफळ,
दि. ३-४-१९७८, सोमवार

चि. सहदेवले गोजरबाईचा आशीर्वाद. मोठ्या बहिणीनं लिहावा लागते म्हणून लिहिला, मनातून निघाला नाही.

तुह्या त्या शिट्टीवाल्या पंख्यानं काल माह्या तोंडाले काळं फासलं. खरंखुरं काळं, साबणानं निघालं नाही असं. हिवरा आश्रमले पंजाबरावाच्या घरी आम्ही सिंधूच्या लग्नाची बोलणी पक्की करायले गेलो होतो. होणारे व्याही, त्याइची म्हातारी माय, भाऊबंद, सारे अंगणात. जीपची कीर्ती त्याइच्या कानावर गेली होती. जाईल कशी नाही, मीच सांगत सुटली होती, का माह्या भावानं धरणावरच्या जुन्या यंत्राइच्या लिलावातून टर्बो का काय ते आणून आमच्या डिझेलच्या जीपले बसवलं, आणि आता मेहकरच्या चढावर एस.टी. मागं राहते आणि गावच्या शेठची मोटरही मागं राहते. पंजाबराव म्हणले का पाहू तरी. आठ-दहा पांढरे धोतरवाले कौतुकानं गाडीच्या मागं जाऊन उभे राह्यले.

आमच्या घरच्यांनी गाडी सुरू केली. शिट्टीच्या जागी रिकामं जातं ओढल्यासारखी घरघर झाली, आणि मागून निळा धूर असा निघाला का तुळशीवृंदावन दिसेना. वर तेलाचे शिंतोडे. पंजाबरावाचं धोतर पाह्यलं असतं तर तुले जेवण गेलं नसतं. म्हातारी खोकून खोकून लाल झाली आणि पोट्टे टाळ्या पिटून राह्यले.

मी तिथंच सगळ्याइसमोर बोलली. म्हणलं, भावानं बहिणीच्या गळ्यात भंगार बांधलं, असा मामा माह्या पोरीच्या मागं मांडवात उभा नाही राह्यला तरी चालते. पहिल्यांदा तू तो रांजणाएवढा पंखा आणला, चढ सरला का मग त्याले जाग यायची. तेव्हाच मी समजायले पाहिजे होतं. मीच मूर्ख, तुह्या मागं लागून दुसरा, लहान बसवून घेतला.

पंखा काढून पोत्यात घातला. त्याच पोत्यात तू सिंधूसाठी आधीच पाठवलेलं मामाचं पिवळं पातळही घातलं. कंडक्टरजवळ दिलं, नांदुऱ्याच्या स्टँडवरून घेऊन जा. १४ मे ले लग्न आहे, पण तू येऊ नको.

ज्यानं मान खाली घालवली त्याच्याजवळ लोभ काय मागावा, म्हणून मागत नाही.

गोजर


नांदुरा,
दि. ९-४-१९७८

ती. स्व. बाईले धाकट्या सहदेवचा साष्टांग नमस्कार. इकडं सारे बरे, तिकडचं बरं असावं.

पोतं मिळालं. पातळाले तेलाचा डाग लागला होता. तुह्या भावजयीनं, कौशल्यानं तो धुऊन काढला आणि पातळ पेटीत ठेवलं.

पंखा खोलून पाह्यला. त्याचा दांडा निळा पडला आहे, आणि दांडा ज्यात फिरते ते बूश जळून त्याले चिकटलं आहे. तेलाची नळी साफ आहे, कुठं चीर नाही. बाई, माल भंगारातला होता हे खरं, पण तो भंगार नव्हता. बसवण्याआधी मी तो तीनदा खोलून घासला होता.

तुले समजेल असं सांगतो. या पंख्याले इंजिनाचा धूर फिरवते आणि इंजिनच तेल पाजते. गाडी जोरात पळून आली का पंखा अंगात आल्यासारखा फिरत असते, लाल तापलेला असते. तेवढ्यात इंजिन बंद केलं तर तेल थांबते, पंखा थांबत नाही. कोरडाच फिरते आणि जळते. म्हणून बसवला त्या दिवशी मी भाऊजींना नाही, तुलेच सांगितलं होतं, कारण त्या गाडीत हुकूम तुहा चालते. गाडी उभी राह्यली का इंजिन हळू चालू द्यायचं, तुहं एक पान लावून होईपर्यंत. मग बंद करायची तार ओढायची. तू हसली होती, का इंजिनालेही पान लागते काय.

माही चूक मी लपवत नाही. शेठच्या मोटरीपुढं जायचं म्हणून तू मागं लागली, आणि डिझेल जास्त जावं म्हणून मी पंपाचा स्क्रू पाव आटा जास्त फिरवला. चढावर जो काळा धूर निघत होता तो माह्या नावावर घे. पण अंगणातला निळा धूर जळालेल्या तेलाचा होता. मी एवढंच विचारतो, तार कोण ओढत होतं?

मेहकरचे दोन जीपवाले पंखा बसवायले येणार होते, ते आता येत नाहीत. हिवऱ्याची गोष्ट त्याइच्या कानावर गेली. ते जाऊ दे. सिंधूच्या मागं उभं राहायले शेषरावले सांग, चुलत असला तरी मामाच आहे. मले येऊ नको म्हणलं, मी येणार नाही.

बहिणीची माया आटू नये एवढं मागणं.

तुहा,
सहदेव


जानेफळ,
दि. १४-४-१९७८, शुक्रवार

चि. सहदेवले पोटातून आशीर्वाद.

तुहं पत्र मी सिंधूकडून वाचून घेतलं नाही, स्वतः अक्षर लावलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पानाचा डबा मांडीवर होता, आणि हात तसाच राह्यला.

तार मी ओढत होती. दर वेळी मीच. ती माह्याच बाजूले आहे, आणि गाडी दारात घुरघुरत उभी राह्यली का मले वाटे, मी बोलायच्या आधी हीच बोलून राह्यली. आणि पानाचं सांगू? पान मी चालत्या गाडीतच लावून ठेवत होती. वेळ वाचावा म्हणून. गाव दिसलं का चुना, कात, सुपारी. गाडी दारात लागेपर्यंत पान गालात, मग थांबायचं कशाले? मनात म्हणत होती का सहदेवनं सांगितलं तसंच केलं. एवढी अक्कल मले देवानं दिली.

सगळ्यात जास्त काय टोचते ते सांगते. आपल्या बापाचे शंकरपटाच्या शर्यतीचे बैल. शर्यत सरली का पुंजाजी पाटलाची ही पोरगी बैलाइले धरून वावराच्या कडेकडेनं फिरवत होती, त्याइचा दम बसेपर्यंत. पळून आलेला बैल दाव्याले बांधला तर आखडते, हे मले दहाव्या वर्षी माहीत होतं. तू एकदा सोन्या बैलाले आल्या-आल्या बांधलं, तर बापाच्या आधी मीच तुह्या कानाखाली ओढली होती. आता माह्या कानाखाली कोण ओढेल?

आमच्या घरच्यांना विचारलं का तुम्ही तर शेजारीच बसत होते, तुमच्या ध्यानात आलं नाही काय. ते म्हणले, पहिल्याच दिवशी आलं होतं, पण तुले सांगून शेवटी मीच खोटा ठरलो असतो. त्याइनं माह्याशी कडाक्याचं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. हे ऐकून तर मी चुलीपुढंच बसून राह्यली. सिंधूनं त्याच्यावर कडी केली. मामा मागं नसला तर मी पाटावर उभी राहणार नाही, मग तूच घाल हार, म्हणते.

म्हणून काल एस.टी.नं हिवऱ्याले जाऊन आली, एकटीच. त्याच अंगणात उभी राह्यली, त्याच लोकाइसमोर. पाणी घ्यायच्या आधी सांगितलं का पंखा चांगला होता, भाऊ चांगला होता, तार माह्या हातात होती. पंजाबराव खाली पाहत राह्यले, सोयरिकीत असं कोणी बोलत नाही. म्हातारी मात्र बोलली. म्हणे, धोतर तर धुतलं जाते बाई, पण आम्हाले कशी विहीण भेटून राह्यली ते बरं आधीच कळलं. मी मान हालवली. येताना मेहकरच्या स्टँडवर उतरून त्या दोन जीपवाल्याइलेही सांगितलं. एक हसला. हसू दे.

पंखा नीट होत असल तर कर, नसल होत तर तसाच घेऊन ये. पातळ मात्र कंडक्टरच्या हातानं पाठवू नको. तुह्या हातानं आण, कौशल्याले घेऊन ये, तिचे पाय धरायले मी मोठी नणंद असून मागं सरणार नाही. शेषरावले मी काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्या जागेवर तू नसला तर ती जागा रिकामी राहील, आणि सारा मांडव पाहील का कोणामुळं रिकामी आहे.

येतो का नाही ते पुढच्या शुक्रवारपर्यंत, २१ तारखेपर्यंत, मले कळलं पाहिजे. टपालवाला अकराले येते. त्याच्या हातात तुहं पत्र नसलं तर शनिवारी पहिल्या गाडीनं मी नांदुऱ्याले येते आणि तुह्या वर्कशॉपच्या दारात बसते. तोपर्यंत मी काही तार ओढत नाही. माह्यासारखीनं सात दिवस थांबायचं म्हणजे किती पानं झाली, ते तूच पाह्य.

चुकलेल्या बहिणीवर पहिल्यासारखा जीव ठेव.

तुही बाई,
गोजर